एका नोंदीचा शोध



आजच्या व्याख्यानासाठी 'समांतर गणन आणि दस्तऐवजांचा शोध' असा विषय ठरला, तेव्हा हे काहीतरी पुण्या-बंगलोरच्या लोकांचे प्रकरण आहे, आपल्या भंडाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटले असेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या जिल्ह्यातील असे घर विरळाच, की ज्या घरातील कोणी ना कोणी एखादा जुना कागद शोधण्यासाठी तहसील कचेरीच्या किंवा शाळेच्या पायऱ्या झिजवल्या नाहीत. तो कागद कसा सापडतो, आणि पुष्कळदा तो का सापडत नाही, एवढाच आजचा विषय आहे. यंत्राची गोष्ट त्या ओघात येईल.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. घरातील मुलाला किंवा मुलीला अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी राखीव जागेवर प्रवेश मिळाला आहे. जातवैधता प्रमाणपत्र हवे. त्यासाठी वाडवडिलांच्या जातीचा जुना पुरावा हवा. आणि जुना म्हणजे किती जुना, त्याच्या तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वीची नोंद दाखवावी लागते. पणजोबा शाळेत गेलेले नाहीत, तेव्हा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर निरुपयोगी. शेत नव्हते, तेव्हा खसरा आणि अधिकार अभिलेखही निरुपयोगी. उरते काय? उरते कोतवाल बुक.

कोतवाल बुक म्हणजे काय, हे येथील जुन्या मंडळींना सांगणे नको, तरुणांसाठी सांगतो. मध्य प्रांताच्या काळी गावात जन्म किंवा मृत्यू झाला की गावचा कोतवाल त्याची वर्दी देई आणि ती वहीत चढे. तारीख, गाव, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, असे त्या वहीचे रकाने. पुष्कळदा त्यात बाळाचे नाव नसते, कारण त्याचे बारसे अजून व्हायचे असते. म्हणजे ज्या माणसाचा पुरावा हवा, त्याच्या नावाने शोध घेऊन भागत नाही. त्याच्या बापाच्या नावाने घ्यावा लागतो. पाने पिवळी पडलेली, शाई पसरलेली, काही वह्यांची पहिली पाने गळालेली. आणि महिन्याभरात मुदत संपणार. ती एक ओळ सापडली तर मुलाचे शिक्षण होते, नाही सापडली तर जागा जाण्याची वेळ येते. नोंद हरवली म्हणजे हक्कच हरवल्यासारखे होते, हे आपण सर्वजण अनुभवाने जाणतो.

आता हा शोध यंत्राने घ्यायचा तर तो कसा, हे पाहू.

रकान्यांचे महत्त्व

कागद दोन जातींचे असतात. एक मोकळे आणि दुसरे आखलेले. पत्र, बखर, तक्रार अर्ज हे मोकळे कागद. त्यांत कोणती गोष्ट कोठे येईल याचा नेम नाही. सातबारा, कोतवाल बुक, दाखल-खारीज रजिस्टर हे आखलेले कागद. त्यांत प्रत्येक गोष्टीला स्वतःचे घर असते. सातबाराच्या उताऱ्यावर भोगवटादाराचे नाव एका घरात, कुळाचे नाव दुसऱ्या घरात, इतर अधिकार तिसऱ्या घरात. खालच्या बारा नंबरच्या भागात पीक कोणते आणि पाण्याचे साधन कोणते, याला पुन्हा निराळी घरे.

हा भेद वरवर साधा दिसतो, परंतु शोधाच्या दृष्टीने त्याच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. समजा, आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव सोमा. कोठे सोमा लिहिले असेल, कोठे सोमाजी, कोठे सोम्या. म्हणून आपण 'सोम' एवढीच अक्षरे शोधायला सांगितली. कागद मोकळा समजून यंत्राने शोध घेतला, तर ज्या ज्या ओळीत 'सोमवार' आहे ती प्रत्येक ओळ ते आपल्यापुढे आणून टाकील. शिवाय वर्दी देणारा सोमा, मयत सोमा, बाप सोमा, सगळेच एका पंक्तीला. परंतु 'बापाचे नाव' या रकान्यातच पाहा, असे सांगता आले तर हा सगळा कचरा एका फटक्यात दूर होतो.

यंत्राला रकाने कसे समजतात? त्याला आखलेल्या रेघा दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक मजकुराच्या आधी आणि नंतर एक चिठ्ठी लावण्याची रीत निघाली. 'येथे बापाचे नाव सुरू होते', मग नाव, मग 'येथे बापाचे नाव संपते'. या रीतीचे एक रूप एसजीएमएल या नावाने १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले आणि तिचे सुटसुटीत रूप एक्सएमएल या नावाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज कचेऱ्यांमधून, बँकांमधून, ग्रंथालयांमधून असंख्य कागद याच रीतीने एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातात. या चिठ्ठ्यांची एक खुबी अशी की एका घरात दुसरे घर बसवता येते. तालुक्याच्या पोटात गाव, गावाच्या पोटात वही, वहीच्या पोटात वर्ष, वर्षाच्या पोटात नोंद आणि नोंदीच्या पोटात रकाना. एखाद्या कुटुंबाची वंशावळ असावी तशी ही रचना असते. म्हणून प्रश्नही तसा विचारता येतो : 'पवनी तालुक्यातील अमुक गावच्या जन्माच्या वहीत, १९२५ ते १९३५ या वर्षांत, ज्या नोंदीत बापाचे नाव सोमा आहे, ती नोंद दाखव.'

प्रश्न असा नेमका विचारता आला म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे ढिगाचा आकार.

ढीग आणि हात

ढीग केवढा असतो, याची कल्पना यावी म्हणून अलीकडची गोष्ट सांगतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातील जुन्या कागदांत कुणबी अशा नोंदी कोठे आहेत, त्या शोधण्याचे काम तिच्याकडे होते. त्या मागणीच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आपण केवळ शोधाकडे पाहू. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर जे आकडे जाहीर झाले त्यांप्रमाणे मराठवाड्यात सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासले गेले आणि त्यांत साडेअकरा हजारांच्या आसपास नोंदी मिळाल्या. म्हणजे दीड हजार कागद उलटावेत तेव्हा एक नोंद हाती यावी! त्यांत काही कागद मोडीतले, काही उर्दूतले. हे काम एका खोलीत बसून एका माणसाने केले असते तर त्याच्या हयातीत संपले नसते. ते झाले ते एवढ्यासाठी की आठही जिल्ह्यांत शेकडो हात एकाच वेळी चालत होते.

यालाच समांतर काम म्हणतात. त्यात नवीन काही नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले होते. त्यांतून निवडक कागद काढण्याचे काम रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनीही मदतनिसांचा ताफा घेऊन ते पार पाडले आणि १९३० ते १९३४ या अवघ्या चार वर्षांत पंचेचाळीस खंड बाहेर पडले. आणि दूर कशाला जा, आपल्याकडची धानाची रोवणी घ्या. एक बाई एक बांधी रोवायला दहा दिवस घेत असेल तर दहा बायका ती एका दिवसात रोवतात. प्रत्येकीच्या हाती पऱ्ह्यांची जुडी, प्रत्येकीची ओळ ठरलेली. कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही.

गणनयंत्राच्या बाबतीतही असेच घडले. यंत्राचा जो भाग प्रत्यक्ष हिशेब करतो त्याला प्रोसेसर म्हणतात. पुष्कळ वर्षे लोक त्या एकाच हिशेबनिसाला अधिकाधिक चपळ करण्याच्या मागे होते. पुढे ध्यानात आले की एकाला किती पळवायचे यालाही मर्यादा आहे. तेव्हा अनेक साधे हिशेबनीस एका कामाला जुंपावे. या विचारात महाराष्ट्राचा आणि विदर्भाचा वाटा मोठा आहे, हे आपण अभिमानाने सांगावे. १९८० च्या दशकात भारताला हवा तसा महासंगणक देण्यास अमेरिकेने आढेवेढे घेतले. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली. तिचे नेतृत्व डॉक्टर विजय भटकर यांच्याकडे होते; ते अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. ट्रान्सप्युटर नावाच्या, एकमेकांशी थेट बोलू शकणाऱ्या अनेक चिपांना एकत्र जोडून तो बनवला होता. एक मोठा पहेलवान मिळेना, म्हणून अनेक गडी एकजुटीने कामाला लावले, असे त्याचे वर्णन करता येईल. आज तर आपल्या खिशातील मोबाइलमध्येही असे सहा-आठ हिशेबनीस असतात.

आता थोडे गणित. समजा, एक कोटी नोंदी आहेत आणि एक कारकून दिवसाला पाचशे नोंदी वाचतो. त्याला वीस हजार दिवस लागतील. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर सहासष्ट वर्षांहून अधिक. शंभर कारकून बसवले तर दोनशे दिवस. एक प्रोसेसर सेकंदाला पन्नास हजार नोंदी वाचतो असे धरा; त्याला दोनशे सेकंद पुरतात, आणि शंभर प्रोसेसरांना दोन. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु प्रमाण ध्यानात येण्यास तेवढे पुरे.

येथे कोणी विचारील, की पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी नावांची सूची एकदाच करून ठेवावी, मग दरवेळी सगळा ढीग कशाला उपसायचा? प्रश्न रास्त आहे, आणि सूची करतातही. परंतु ती करण्यासाठी एकदा तरी सगळा ढीग वाचावाच लागतो. आणि सूची ज्या रकान्याची केली त्याच रकान्याचा प्रश्न ती सोडवते. बापाच्या नावाची सूची केली आणि उद्या कोणी वर्दी देणाऱ्याचे नाव विचारले, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा सूची असली तरी अनेक हातांवाचून गत्यंतर नाही.

वाटणीतील अडचणी

शंभर हात लावले म्हणजे काम शंभरपट लवकर होईल, असे मात्र नाही. रोवणीचाच दाखला घ्या. बायका शंभर आल्या, परंतु तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे तोंड, एकच आहे. बांधीत पाणी भरायचे, चिखलणी व्हायची, मग रोवणी. पाणी भरेपर्यंत शंभरही बायका धुऱ्यावर बसून राहतात. जीन अम्डाल नावाच्या यंत्रज्ञाने १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला. शंभर मिनिटांच्या कामातील पाच मिनिटांचे काम वाटता येण्यासारखे नसेल आणि पंचाण्णव मिनिटांचे शंभर जणांत वाटले, तरी एकूण वेळ जवळजवळ सहा मिनिटे लागतो. म्हणजे हात शंभर, पण वेग सतरापटीच्याही आतच. हात हजार केले तरी ती पाच मिनिटे काही कमी होत नाहीत, आणि वेग वीसपटीपलीकडे कधीच जात नाही. यास्तव हुशार रचनाकार हात वाढवण्याआधी ते एकमेव तोंड कोठे आहे ते शोधतो.

दुसरी अडचण विषम वाटणीची. प्रत्येक हिशेबनिसाला एकेक गाव दिले, तर ज्याच्या वाट्याला भंडारा शहर आले तो रात्रीपर्यंत बसेल आणि ज्याच्या वाट्याला तीस घरांचे टोले आले तो दुपारीच मोकळा होईल. आणि काम संपले असे केव्हा म्हणायचे, तर शेवटचा उठेल तेव्हा. त्यावर उपाय असा की ढिगाचे पुष्कळ लहान गठ्ठे करावेत आणि ज्याचा गठ्ठा संपेल त्याने पुढचा उचलावा.

परंतु येथेच आखलेल्या कागदांची खरी मेख आहे. मोकळा मजकूर कोठेही कापला तरी फारसे बिघडत नाही. कोतवाल बुकाचे तसे नाही. गावाचे नाव वहीच्या पुठ्ठ्यावर एकदाच लिहिलेले असते. वर्ष पहिल्या पानावर. मधली चाळीस पाने फाडून एका कारकुनाच्या हाती दिली, तर त्याला सोमा सापडेल, पण कोणत्या गावचा आणि कोणत्या सालचा सोमा, हे त्याला सांगता येणार नाही. नोंद सापडली, पण पुरावा नाहीसा झाला! यंत्रातही तेच होते. चिठ्ठ्या लावलेला मजकूर मध्येच तोडला की त्या तुकड्याला आपण कोणाच्या पोटात आहोत हे कळत नाही.

यावर जो उपाय आहे तो मला फार आवडतो, कारण तो आपल्या घरगुती शहाणपणाचा आहे. वाटणीपूर्वी प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर त्याची वंशावळ लिहून ठेवायची. तिसरे गाव, त्याची बारावी वही, तिचे पंचेचाळिसावे पान, त्यावरील सहावी नोंद. झाला पत्ता, ३.१२.४५.६. आता तो तुकडा जगाच्या पाठीवर कोठेही गेला तरी आपले कूळ विसरत नाही. दोन पत्ते शेजारी ठेवले की कोणती नोंद कोणाच्या पोटात आणि कोण कोणाच्या आधी, हे मूळ वही न उघडता कळते.

तिसरी अडचण जोडणीची. पणजोबांचा जन्म कोतवाल बुकात एका गावी, आजोबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात दुसऱ्या गावी. या दोन नोंदी एकाच घराण्यातील आहेत हे दाखवायचे, आणि त्या आहेत दोन निरनिराळ्या हिशेबनिसांपाशी. टपाल कचेरीत छाननी कशी होते ते आठवा. सगळ्या पेट्यांतील पत्रे आणून पत्त्याप्रमाणे खणांत टाकतात; मग एका गावची सगळी पत्रे एका खणात आपोआप येतात. तसेच येथे. प्रत्येक हिशेबनीस आपल्याजवळील नोंदी नावाप्रमाणे वेगवेगळ्या खणांत पाठवतो आणि दुसरा गट एकेक खण घेऊन जोड्या लावतो. जेफ्री डीन आणि संजय घेमावत या गूगलमधील दोन यंत्रज्ञांनी ही पद्धत २००४ मध्ये नीट बांधून 'मॅपरिड्यूस' या नावाने जगापुढे ठेवली, आणि तिच्यामुळे हजारो साध्या यंत्रांकडून प्रचंड ढीग उपसून घेणे सोपे झाले.

आपल्या जिल्ह्याची खास अडचण

पुस्तकी अडचणी झाल्या. आता एक अडचण अशी सांगतो, जी आपल्या भागाच्या इतिहासातून आली आहे. १८५३ पर्यंत भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. १९५० मध्ये मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्य आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र. पुढे १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. माणूस त्याच गावात, त्याच बांधीवर. पण त्याचे कागद मात्र इतक्या राजवटींचे.

आणि प्रत्येक राजवटीने रकान्यांची नावे बदलली. मालगुजारीच्या काळी जमिनीवर कोणी मालगुजार, कोणी मलिक मकबुजा, कोणी रयत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९५४ च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने भूमिस्वामी आणि भूमिधारी आले. महाराष्ट्राच्या १९६६ च्या महसूल संहितेत भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २. ज्या तलावांच्या भरवशावर आपले धान पिकते, ते मालगुजारांचे तलावही याच फेऱ्यात शासनाकडे आले. कोणाला किती पाणी आणि कोणाचा निस्तार कोठे, हे जुन्या पत्रकांत लिहिलेले राहिले. आता, यंत्राला 'भोगवटादार' या रकान्यात शोध म्हटले तर १९५० चा कागद ते उघडूनही पाहणार नाही. त्या कागदावर तसा रकानाच नाही. म्हणून जुने नाव आणि नवे नाव यांचा कोश आधी करावा लागतो. हे काम करायला हिशेबनीस नव्हे, तर जुना पटवारी आणि कायदा जाणणारा माणूस लागतो. मलिक मकबुजा म्हणजे नेमका कोण, हे शंभर प्रोसेसर मिळूनही सांगू शकत नाहीत.

तीच गोष्ट अक्षरांची. मध्य प्रांतात हिंदी आणि मराठी दोन्ही चालत. एकच नाव दोन कारकून दोन तऱ्हांनी लिहीत. ऱ्हस्वदीर्घाचा तर मेळच नाही. शिवाय जुन्या वहीचे छायाचित्र काढून यंत्रात ठेवले म्हणजे ती वही शोधण्याजोगी झाली, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. छायाचित्र म्हणजे केवळ चित्र. त्यातील अक्षरे कोणीतरी वाचून रकान्यारकान्यांत उतरवावी लागतात. हल्ली हे वाचनही यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत, परंतु जुन्या हस्ताक्षरात ते अडखळते, आणि एकदा चुकीचे वाचले की ती नोंद असून नसल्यासारखी होते. महाराष्ट्रात आज अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत आणि २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही फार मोठी सोय झाली. परंतु ती आजच्या कागदांची सोय आहे. कोतवाल बुकांपर्यंतचा रस्ता अजून लांब आहे.

'नाही' म्हणण्याचा अधिकार

आता जे सांगण्यासाठी मी आज मुख्यतः उभा आहे त्याकडे वळतो. समांतर गणनाची स्तुती करताना सर्वजण वेगाची स्तुती करतात. वेग चांगलाच आहे. परंतु माझ्या मते त्याचा मोठा लाभ वेगळा आहे. पूर्वी कारकून दोन-चार वह्या चाळून म्हणे, 'नोंद नाही.' त्याचा खरा अर्थ असे, 'मी जेथे पाहिले तेथे नाही.' सगळीकडे पाहणे त्याला शक्यच नव्हते. त्यात त्याचा दोष नाही. आज प्रथमच सगळा ढीग, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पाहून होणे शक्य झाले आहे. म्हणजे 'नाही' हा शब्द विश्वासाने उच्चारण्याचा अधिकार माणसाला प्रथमच मिळू पाहत आहे.

परंतु हा अधिकार आपोआप मिळत नाही. शंभर हिशेबनिसांपैकी एखादा मध्येच बंद पडतो. चांगल्या रचनेत यासाठी प्रत्येक गठ्ठ्याच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात. एक पडला की दुसरा त्याचे काम उचलतो. तशी व्यवस्था नसली, किंवा वाट पाहण्याचा कंटाळा म्हणून यंत्राने नव्व्याण्णव जणांचीच उत्तरे गोळा करून 'नोंद आढळली नाही' असे छापले, तर? दुकानातील माल शोधताना त्याने काही बिघडत नाही. एक वस्तू नाही दिसली तर दुसरी दिसते. पण ज्याच्या पणजोबांची वही नेमकी त्या शंभराव्या गठ्ठ्यात होती, त्याचे काय? त्याच्या दृष्टीने एक टक्का चूक झाली नाही, सर्वस्वी चूक झाली. शिवाय चूक झाली हे त्याला कळणारही नाही, कारण उत्तर यंत्राचे, आणि यंत्र चुकत नाही असा आपला भाबडा समज.

म्हणून हक्काच्या बाबतीतील शोधाने तीन उत्तरे वेगवेगळी दिली पाहिजेत. 'सापडले.' 'सगळे पाहिले, नाही.' आणि 'अमुक भाग पाहता आला नाही, तेव्हा सांगता येत नाही.' हे तिसरे उत्तर द्यायला यंत्राला काहीच कठीण नाही. कोणता गठ्ठा कोणाकडे गेला आणि कोणाचे उत्तर आले, याची वही त्याच्याजवळ असतेच. ते उत्तर मागणारा माणूस मात्र हवा. जी पाने वाळवीने खाल्ली, जी वही कधी उतरवलीच गेली नाही, तिचाही त्या उत्तरात उल्लेख पाहिजे.

दुसऱ्या बाजूचा एक इशाराही देऊन ठेवतो. जो शोध माझी नोंद मला दोन सेकंदांत देतो, तोच शोध माझी जात, माझे शेत, माझ्या घरातील मृत्यू दुसऱ्या कोणालाही दोन सेकंदांत देऊ शकतो. जुन्या काळी कागदांचा ढीग हेच एक कुलूप होते. ते आता गळून पडत आहे. तेव्हा कोणत्या रकान्यात कोणाला पाहू द्यावे, याचे नियम शोधाच्या यंत्राबरोबरच व्हायला हवेत, नंतर नव्हे.

आपण नागरिकांनी काय करावे, असे विचाराल तर सांगतो. कचेरीतून 'नोंद आढळत नाही' असे उत्तर आले की, कोणत्या गावाची, कोणत्या वर्षांची, कोणती बुके पाहिली, हे लेखी मागावे. नावाची आणखी कोणती रूपे पाहिली, हे विचारावे. कोणती बुके जीर्ण किंवा गहाळ आहेत, तेही लिहून घ्यावे. हे प्रश्न कारकुनाला जसे लागू आहेत तसेच उद्याच्या महासंगणकालाही लागू आहेत. आणि ज्यांच्या घरी पेटीत जुने खसरे, जुन्या पावत्या, शाळेचे दाखले पडून आहेत, त्यांनी ते वाळवीच्या हवाली करू नयेत. आपल्या हयातीत त्यांवर गाव, साल आणि नाते लिहून ठेवावे. वंशावळ तुकड्याच्या कपाळावर लिहिण्याचे जे तत्त्व यंत्रज्ञांनी काढले, ते आपल्या घरच्या पेटीलाही लागू आहे.

काम शंभर हातांत वाटता येते. परंतु शंभर उत्तरे आल्यावर, शंभरही आली का हे मोजून पाहणारा एक कोणीतरी लागतोच. तो जागा असला तर त्या मुलाची जागा टिकेल.